एका फार्दिंगचा विजय

जेम्स मॅकनील व्हिसलरने १८७१ मध्ये लंडनला आपल्या आईचे चित्र रंगवले. खुर्चीत एका बाजूस तोंड करून बसलेली, काळ्या वस्त्रांतील वृद्धा. चित्राचे नाव मात्र त्याने ‘करड्या व काळ्या रंगांची रचना’ असे ठेवले. ती आपली आई आहे याच्याशी प्रेक्षकाला काही कर्तव्य नाही, त्याने रंग आणि आकार पाहावेत, अशी त्याची भूमिका होती. पुढे मराठीतही फडके-खांडेकरांच्या निमित्ताने गाजलेल्या ‘कलेसाठी कला’ या विचाराचा हा कडवा पुरस्कर्ता.

१८३४ मध्ये अमेरिकेतील लोवेल येथे जन्मलेल्या व्हिसलरला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीने रसायनशास्त्रातील अपयशामुळे काढून टाकले. पॅरिसमध्ये चित्रकला शिकून तो लंडनमध्ये स्थिरावला. तेथे १८७७ मध्ये ग्रोव्हनर गॅलरीत त्याने रात्रीच्या आकाशात विझत जाणाऱ्या आतषबाजीचे चित्र मांडले. किंमत दोनशे गिनी. कलेला नैतिक अधिष्ठान हवे असे मानणारा समीक्षक जॉन रस्किन संतापला. व्हिसलरने लोकांच्या तोंडावर रंगाचे भांडे भिरकावले, अशा आशयाची टीका त्याने छापली. व्हिसलरने हजार पौंडांचा बदनामीचा दावा ठोकला.

नोव्हेंबर १८७८ मध्ये सुनावणी झाली. दोन दिवसांच्या कामाला इतके मोल कसे, या प्रश्नावर, हे मोल आयुष्यभराच्या ज्ञानाचे आहे, असे त्याने सांगितले. निकाल त्याच्या बाजूने लागला. भरपाई एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी! खटल्याचा खर्चही ज्याचा त्याने सोसायचा होता. रस्किनसाठी चाहत्यांनी वर्गणी काढली. आधीच कर्जात असलेल्या व्हिसलरला १८७९ मध्ये दिवाळे काढावे लागले आणि चेल्सीमधील नवे घर विकले गेले. तत्त्वाखातर इतकी किंमत मोजणारे थोडेच. अर्थात भांडखोरपणाही त्याच्या अंगी भरपूर होता.

बारा कोरीव मुद्राचित्रांचे काम घेऊन तो व्हेनिसला गेला. परतला तो सुमारे पन्नास मुद्राचित्रे आणि कितीतरी पेस्टल चित्रे घेऊनच. त्यांनी त्याला पुन्हा उभे केले. आईचे चित्र १८९१ मध्ये फ्रान्स सरकारने विकत घेतले. १९०३ मध्ये तो लंडनमध्ये निवर्तला.

१९३४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने मातृदिनानिमित्त याच चित्राचे तिकीट काढले. त्यात मातांचा गौरव करणारा मजकूर होता, आणि मूळ चित्रात नसलेली फुलदाणीही कोपऱ्यात ठेवून दिली होती.