फैजपूरचे हेडमास्तर केशवसुत

‘तुतारी’चे कवी केशवसुत आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. मात्र हा कवी आयुष्यभर शाळामास्तर होता आणि त्याच्या मास्तरकीची अखेरची अनेक वर्षे खानदेशातील भडगाव व फैजपूर या गावी गेली, हे फारसे कुणाच्या ध्यानी नसते.

कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म १८६६ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे झाला. वडीलही शिक्षकच होते. धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी पुढे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा मान्यवर ग्रंथ सिद्ध केला. भाषेचा विचार असा घरातच होता. पैसा मात्र नव्हता. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून कृष्णाजी १८८९ मध्ये मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांनी विशी ओलांडली होती. पुढे मुंबईत त्यांनी शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारावर दिवस काढले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि त्यानंतर ते खानदेशात आले.

त्या वेळी खानदेश हा एकच जिल्हा असून त्याचे ठाणे धुळ्यास होते. पूर्व आणि पश्चिम असे त्याचे दोन भाग १९०६ मध्ये पडले. केशवसुत प्रथम गिरणाकाठच्या भडगावी शिक्षक झाले व १९०१ मध्ये फैजपूरच्या इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक झाले. मराठी इयत्ता संपवून आलेल्या मुलास अशा शाळेत नव्या भाषेची घडणच शिकावी लागे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यापाठोपाठ उभे राहते. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला मागून चिकटते, इंग्रजीत ते नामाआधी सुटे येते. ‘ए’, ‘अॅन’, ‘द’ या उपपदांना तर मराठीत जोडच नाही. शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर साहजिकच फसते.

केशवसुतांनी हाच प्रश्न कवितेत सोडविला. इंग्रजी काव्याचे त्यांचे वाचन चोखंदळ होते आणि काही इंग्रजी कविता त्यांनी मराठीत आणल्या. चौदा ओळींचा ‘सॉनेट’ हा प्रकार १८९२ मध्ये त्यांनीच मराठीत रुजविला व त्याला ‘चतुर्दशक’ असे नाव दिले. ‘सुनीत’ हा शब्द नंतर रूढ झाला. इंग्रजी वृत्ताची नक्कल न करता त्यांनी या रचनेस शार्दूलविक्रीडितासारखे आपल्याकडचे अक्षरगणवृत्त दिले. चौकट परकी, चाल मात्र देशी. कवीच्या सामर्थ्याचा उद्घोष करणारी ‘आम्ही कोण?’ ही याच प्रकारातील कविता १९०१ मध्ये फैजपूर येथे लिहिली गेली. गावातील एका साध्या मास्तराने कवीला दिलेले ते उच्चासन होते.

या कवितेला व्यासपीठही खानदेशातच लाभले. जळगावचे नारायण नरसिंह फडणीस १८८७ पासून केवळ कवितेला वाहिलेले ‘काव्यरत्नावली’ मासिक चालवीत होते. केशवसुतांच्या कविता त्यात प्रसिद्ध झाल्या.

१९०४ मध्ये केशवसुत धारवाडच्या सरकारी हायस्कूलमध्ये मराठीचे शिक्षक म्हणून गेले. ज्या प्लेगने मुंबईत थैमान घातले होते, त्यानेच ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळी येथे त्यांचा बळी घेतला. वय अवघे एकोणचाळीस. पाठोपाठ काही दिवसांतच पत्नीचेही निधन झाले. आपल्या कवितांचे पुस्तक झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. हरि नारायण आपटे यांच्या पुढाकाराने ते १९१७ मध्ये निघाले.

त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १९०७ मध्ये, फडणीसांच्या पुढाकाराने जळगावी महाराष्ट्र कविसंमेलन भरले. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्षस्थानी होते. तेथे धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या किशोराने आपल्या कवितेने सभा जिंकली आणि ‘बालकवी’ ही पदवी मिळविली. फैजपूरचे हेडमास्तर ते पाहण्यास हयात नव्हते; पण त्यांनी मोकळी केलेली वाट त्याच जिल्ह्यातून पुढे निघाली होती.