तीन हल्ले, एक सम्राट: फ्रान्झ जोसेफ यांनी १९१४मध्येच युद्ध का पुकारलं?

सारायेव्होमध्ये एका युवराजाची हत्या झाली आणि पहिलं महायुद्ध पेटलं, हे आपण शाळेत शिकतो. पण युद्धाच्या घोषणेवर सही करणारे ऑस्ट्रिया-हंगेरीचे सम्राट फ्रान्झ जोसेफ यांच्या घरातल्या माणसावर झालेला तो पहिला हल्ला नव्हता.

१८३०मध्ये जन्मलेले फ्रान्झ जोसेफ १८४८च्या क्रांतीच्या धामधुमीत, वयाच्या १८व्या वर्षी गादीवर आले. हंगेरीतला उठाव चिरडला गेला. १८५३मध्ये व्हिएन्नात यानोश लिबेनी या हंगेरियन तरुणाने त्यांच्या मानेवर सुऱ्याने वार केला. गणवेशाच्या जाड कॉलरमुळे सम्राट वाचले. लिबेनीला आठ दिवसांत फाशी झाली. प्रश्न देशातला होता, तो देशातच मिटवला गेला.

१८९८मध्ये जिनिव्हात लुईजी लुकेनी या इटालियन अराजकतावाद्याने सम्राज्ञी एलिझाबेथ यांना भोसकून ठार केलं. तेव्हा इटलीशी युद्ध झालं नाही. त्याच वर्षी रोममध्ये २१ देशांची परिषद भरली आणि अराजकतावाद्यांविरुद्ध पोलिसी सहकार्यावर चर्चा झाली.

मग २८ जून १९१४ला पुतणे आणि वारस फ्रान्झ फर्डिनांड मारले गेले, तेव्हा वेगळं काय होतं?

हल्लेखोर बोस्नियातले होते, पण शस्त्रं सर्बियातून आली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भीती जुनी होती. १९०८मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया आपल्या राज्याला जोडला होता. १९१२-१३च्या बाल्कन युद्धांनंतर सर्बियाचा विस्तार झाला होता. सेनाप्रमुख कॉनराड कित्येक वर्षं सर्बियावर हल्ल्याची मागणी करत होते. त्यांना विरोध करणाऱ्यांत खुद्द फ्रान्झ फर्डिनांड होते. तेच आता राहिले नव्हते.

५ जुलैला जर्मनीने पूर्ण पाठिंबा दिला. २३ जुलैला सर्बियापुढे दहा मागण्या ठेवून ४८ तासांची मुदत देण्यात आली. सर्बियाने बहुतेक मान्य केल्या, पण आपल्या भूमीवरच्या तपासात ऑस्ट्रियन अधिकारी नकोत, असं कळवलं. २८ जुलैला ८३ वर्षांच्या सम्राटांनी सही केली. रशिया सर्बियाच्या मागे उभा राहिला आणि युद्ध युरोपभर पसरलं.

म्हणजे हत्येने निमित्त दिलं. युद्धाची इच्छा आणि मित्रदेशाचं बळ त्याआधीच जमत आलेलं होतं.

फ्रान्झ जोसेफ २१ नोव्हेंबर १९१६ला वारले. जे साम्राज्य वाचवण्यासाठी युद्ध पुकारलं, ते १९१८मध्ये फुटलं.