विश्लेषण : रक्तक्षयावर मुंबईत सापडलेला उपाय… लुसी विल्स कोण होत्या?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. गरोदर महिलांना त्यासाठी लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते. यातील फॉलिक ॲसिडचा माग लागला तो मुंबईत, ब्रिटिश डॉक्टर लुसी विल्स यांच्यामुळे.

मुंबईत त्या कशासाठी आल्या?

विल्स यांचा जन्म १८८८ मध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्यानंतर त्या वैद्यकशास्त्राकडे वळल्या आणि १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. १९२८ मध्ये त्या मुंबईत आल्या. येथील गरीब गरोदर महिलांना, विशेषतः कापड गिरण्यांतील कामगार महिलांना, जीवघेणा रक्तक्षय होत होता. त्याचे कारण शोधायचे होते.

हा रक्तक्षय वेगळा कसा?

लोह कमी पडले की रक्तातील लाल पेशी लहान होतात. या महिलांच्या पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. विल्स यांनी रुग्णांचा आहार तपासला आणि तसाच निकृष्ट आहार प्राण्यांना देऊन पाहिला. प्राण्यांनाही रक्तक्षय झाला. यीस्टच्या अर्काने, म्हणजे ‘मार्माइट’ने, तो बरा झाला. महिलांना हाच स्वस्त अर्क दिल्यावर काही दिवसांतच त्यांच्यात सुधारणा दिसू लागली. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले.

अर्कात नेमके काय होते?

त्या घटकाला आधी ‘विल्स फॅक्टर’ म्हटले गेले. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा करण्यात आला आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. विल्स यांचे १९६४ मध्ये निधन झाले.

आज याचे महत्त्व काय?

रक्तक्षय हे एका आजाराचे नाव नाही. लोह, फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ यांची कमतरता, रक्तस्राव, थॅलेसेमिया अशी त्याची कारणे अनेक आहेत. बी-१२ कमी असताना केवळ फॉलिक ॲसिड घेतल्यास हिमोग्लोबिन सुधारते, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत सुरूच राहू शकते. बी-१२ प्रामुख्याने प्राणिज पदार्थांतून मिळत असल्याने शाकाहारींनी विशेष काळजी घ्यायला हवी. गरोदरपणात दिलेल्या गोळ्या बंद करू नयेत. मात्र गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर गोळ्यांची संख्या स्वतःहून न वाढवता डॉक्टरांकडून कारण शोधून घ्यावे. विल्स यांनीही आधी कारणच शोधले होते.