गाडगेबाबांचं गाडगं आणि आपली तांदळाची कोठी

मैत्रिणींनो, डिसेंबर लागला की आपल्या गोंदियाकडे घरोघरी नवा धान आलेला असतो. भरडून आणलेला तांदूळ ठेवायचा कुठे, या धावपळीत २० डिसेंबर कधी येऊन गेला ते कळतही नाही. हा दिवस गाडगेबाबांच्या पुण्यतिथीचा. बाबा म्हटलं की आपल्याला खराटा आठवतो. पण ज्या गाडग्यावरून त्यांना नाव पडलं, ते त्यांचं जेवायचं भांडं होतं.

२३ फेब्रुवारी १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परिटाच्या घरी डेबूचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूपायी गेले. आई सखूबाई पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरीला माहेरी आली. डेबूनं मामाची गुरं राखली, शेती कसली. दाण्याची किंमत त्याला तिथं कळली. सावकारानं मामाच्या जमिनीवर हात टाकला, तेव्हा कर्जाचीही कळली. पुढे लेकीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत न घालता त्यानं गोडाचं साधं जेवण वाढलं. भाऊबंद नाराज झाले, पण तो बधला नाही. आपलं मात्र तसं होत नाही, बरं का! आमच्याच घरच्या एका लग्नात दोन गंज भात उकिरड्यावर गेला. कमी पडला तर लोक काय म्हणतील, या धास्तीनं तांदूळ वाढवून घ्यायला मीच सांगितलं होतं.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. गावात शिरले की आधी झाडलोट, मग भाकर. कुणी काय देईल ते त्या गाडग्यातच घ्यायचे. पण याच माणसानं ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला, तिथल्या यात्रेत गोरगरिबांना, अपंगांना जेवू घातलं. नाशिक, पंढरपूर, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या, मुंबईत जे. जे. इस्पितळात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांचीही सोय केली. हजारोंची पंगत उठायची आणि बाबा मात्र बाजूला बसून भाकर-चटणी खायचे. ऋण काढून सण आणि तेरव्या करू नका, हे ते कीर्तनात बायाबापड्यांना कळवळून सांगत. वेळ पडली तर ताट विका, भाकर हातावर घेऊन खा, पण पोरांना शिकवा, असा त्यांचा हट्ट. १९५६ साली अमरावतीजवळ वलगावला, वाटेतच, त्यांनी देह ठेवला.

कोठी भरताना मला हल्ली ते गाडगं आठवतं. तांदूळ पुरता सुकल्याशिवाय कोठीत घालू नका. दाताखाली कडक तुटला पाहिजे. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत वाळवलेलाच. ओल्या पाल्यानं बुरशी धरते. कोठी जमिनीला न टेकवता पाटावर, भिंतीपासून हातभर दूर. जुना तांदूळ आधी काढायचा. तसाही तो छान फुलतो, नवा गिचका होतो. बोरिक पावडर मात्र नको, ते पोटात जायचं औषध नव्हे.

आणि रात्रीचा भात उरला तर गंजात तसाच झाकून ठेवू नका. उथळ भांड्यात पसरून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिलेल्या भातात जे विष तयार होतं, ते सकाळी फोडणी दिली तरी जात नाही. फ्रिज नसेल तर सरळ एक मूठ तांदूळ कमी टाका.