जोसेफ प्रीस्टले

प्रश्नाचें उत्तर येत असूनहि जीभ अडखळते म्हणून मान खालीं घालून बसणारे एकदोन विद्यार्थी झरीपासून परभणीपर्यंत कोणत्याहि शाळेंत आढळतील. त्यांच्यासाठीं व त्यांच्या मातापित्यांसाठीं आम्ही हें अल्प चरित्र लिहीत आहों.

प्राणवायूच्या शोधाबरोबर ज्यांचें नांव येतें, ते जोसेफ प्रीस्टले इ. स. १७३३ मध्यें इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत जन्मले. आई लहानपणींच वारली. पुढें आत्यानें त्यांचा सांभाळ केला. तोतरेपणा त्यांच्या घराण्यांतच होता. तो त्यांच्याहि वांट्यास आला. तरीहि त्यांनीं व्यवसाय पतकरला तो उपदेशकाचा!

१७५५ सालीं नीडहॅम मार्केट या गांवीं त्यांची नेमणूक झाली. तेथील मंडळीस त्यांचीं मतें पटलीं नाहींत आणि बोलणेंहि रुचलें नाहीं. श्रोते कमी होऊं लागले. शेजारच्या गांवीं ते बोलावयास उभे राहिले, तर प्रतिष्ठित लोक येतच नसत. लंडनमध्यें एक गृहस्थ वाणीचे सर्व दोष घालवितों असें सांगत. आत्याकडून वीस गिनी घेऊन प्रीस्टले त्यांच्याकडे गेले; उपाय कोणास सांगणार नाहीं अशी शपथहि त्यांना घ्यावी लागली. थोडे दिवस गुण आला. मग तोतरेपणा पूर्वींपेक्षांहि बळावला.

१७५८ मध्यें ते नँटविच येथें आले. सकाळीं सातपासून दुपारीं चारपर्यंत, जेवणापुरती एक तासाची सुटी सोडून, ते शाळेंत शिकवीत. जीभ इतकी अडूं लागली कीं, यापुढें उपदेश सोडून केवळ शाळाच पाहीन, असें त्यांनीं मंडळीस कळविलें. तथापि त्यांनीं प्रयत्न सोडला नाहीं. रोज मोठ्यानें व अगदीं सावकाश वाचण्याचा नेम त्यांनीं धरला. या नेमानें दोष कांहींसा आटोक्यांत आला. तो समूळ गेला नाहीं. पुढेंहि मधूनमधून त्यांना याच उपायाकडे वळावें लागे.

१७६१ मध्यें ते वॉरिंग्टनच्या विद्यालयांत अध्यापक झाले. तेथें या तोतऱ्या मनुष्यानें वक्तृत्वशास्त्रावर व्याख्यानें दिलीं! १ ऑगस्ट १७७४ रोजीं भिंगाच्या उष्णतेनें पाऱ्याचें भस्म तापवून त्यांनीं जो वायु मिळविला, तोच पुढें ऑक्सिजन या नांवानें प्रसिद्ध झाला.

कीर्ति झाल्यावर त्या जुन्या मुलुखांत ते पुन्हां गेले, तेव्हां तेच लोक गर्दी करून ऐकावयास आले. वाणी फारशी सुधारली नव्हती, प्रवचनहि जुनेंच होतें. बदलले होते ते ऐकणारे. पौलाच्या देहांतील कांट्याप्रमाणें या दोषाचाहि आपणांस उपयोगच झाला, नाहीं तर वादाची व लोकस्तुतीची गोडी लागली असती, असें प्रीस्टले मानीत. ६ फेब्रुवारी १८०४ रोजीं अमेरिकेंत त्यांचा अंत झाला.

मुलांनो, गुप्त औषधावर विसंबूं नका. रोजच्या नेमावर विसंबा, आणि अडखळत कां होईना, बोला. पालकांस आमची इतकीच विनंति कीं, मूल शब्दाशीं झगडत असतां तो शब्द त्याच्या तोंडून हिरावून घेऊं नका. थांबा, तें बोलेल.