निफाडच्या माधवरावांनी ठेवलेला दुष्काळाचा हिशेब



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे नाव आपण सर्वांनी शाळेत वाचले आहे. समाजसुधारक, हायकोर्टाचे न्यायाधीश, मोठे विद्वान. पण हा माणूस आपल्याच जिल्ह्यातला, निफाडला जन्मलेला, हे किती जणांच्या ध्यानात असते? आणि दुष्काळात सरकारने दिलेली मदत खरोखर माणसाच्या पोटात जाते की वाटेतच अडते, हे गावोगावची माहिती गोळा करून पाहण्याची रीत आपल्याकडे ज्यांनी घातली, त्यांत माधवराव पुढे होते, हे तर फारच थोड्यांना ठाऊक आहे. पंचनामा, लाभार्थ्यांची यादी, हजेरीपट, सामाजिक अंकेक्षण हे शब्द आता आपल्या बोलण्यात रुळले आहेत. त्यामागचा विचार किती जुना आहे, ते आज बघू या.

निफाड ते पुणे

माधवरावांचा जन्म 18 जानेवारी 1842 चा. वडील गोविंदराव नोकरीत. पुढे ते कोल्हापूर संस्थानात गेले आणि मुलाचे सुरुवातीचे शिक्षण तिथेच झाले. मग मुंबईचे एल्फिन्स्टन. मुंबई विद्यापीठातून 1862 साली पहिल्यांदा जे पदवीधर बाहेर पडले, त्यांत माधवराव एक. अभ्यास इतका केला की डोळे कायमचे अधू झाले. पुढे आयुष्यभर त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे.

काही वर्षे त्यांनी कॉलेजात शिकवले आणि 1871 साली ते पुण्यात न्यायाधीश म्हणून आले. इथून आपल्या विषयाला सुरुवात होते.

पुण्यात 1870 साली गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी सार्वजनिक सभा काढली होती. तिचा एक नियम ध्यानात घेण्यासारखा आहे. सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. उगाच कुणी उठावे आणि लोकांच्या नावाने बोलावे, असे तिथे चालत नव्हते. माधवराव सरकारी नोकर, त्यामुळे पुढे उभे राहायचे काका आणि चिटणीस सीताराम हरी चिपळूणकर. विचार आणि आखणी यांत मोठा वाटा माधवरावांचा.

सभेने आधी प्रश्नावली तयार करून शेतकऱ्यांची स्थिती तपासली आणि 1873 साली त्याचा अहवाल काढला. सारा किती, कर्ज किती, पीक किती, हातात उरते काय, अशी ती चौकशी होती. दोनच वर्षांनी, मे 1875 मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दारात गेले आणि कर्जरोख्यांच्या होळ्या पेटल्या. दंगा नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. सरकारला तेव्हा जाग आली. पण आग कुठे धुमसत होती ते आधीच कागदावर आलेले होते.

शहात्तरचा दुष्काळ

1876 साली पावसाने दगा दिला. खरीप गेला, रब्बीला ओल राहिली नाही. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, विजापूर हा सगळा पट्टा होरपळला. आपल्या जिल्ह्यात पूर्वेकडच्या तालुक्यांना झळ जास्त बसली. धान्य महागले, चारा संपला, जनावरे मेली, माणसे गाव सोडून चालू लागली. हा दुष्काळ 1878 पर्यंत चालला. सरकारी आयोगाच्याच अंदाजाने ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांवर माणसे दगावली.

अशा वेळी सभेने काय केले? निवेदन देऊन ती मोकळी झाली नाही. तिने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे पाठवली, ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांकडून माहिती मागवली आणि एकामागून एक दुष्काळी वृत्तान्त तयार करून सरकारला धाडले. पाऊस किती पडला, पेरा किती झाला, बाजारात भाव काय, पिण्याचे पाणी आहे का, गुरे किती उरली, लोक कुठे चालले, दुष्काळी कामे गावापासून किती लांब, मजुरी किती मिळते आणि तेवढ्यात घर चालते का, अशा गोष्टी त्यांत असत.

यात मर्म कुठे आहे ते बघा. सरकारकडेही आकडे होतेच. किती कामे काढली, किती मजूर आले, किती रुपये खर्ची पडले. ते सगळे देणाऱ्याचे आकडे. सभेने घेणाऱ्याच्या बाजूने मोजले. दिलेल्या मजुरीत त्या दिवशीच्या भावाने धान्य किती येते आणि ते किती तोंडांत वाटले जाते, हा तिचा सवाल होता.

एक पौंड धान्याचा वाद

जानेवारी 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळाची पाहणी करण्यासाठी पाठवण्यात आले. या टेंपलसाहेबांची मागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. 1873-74 मध्ये बिहारात टंचाई आली तेव्हा त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोकांना पोसले. माणसे फारशी मेली नाहीत. त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळायला हवी होती. झाले उलटेच, खर्च फार केला म्हणून टीका झाली. वाचलेला जीव हिशेबाच्या वहीत दिसत नाही, खर्च झालेला रुपया मात्र दिसतो. साहेबांनी त्यातून धडा घेतला, पण उलटा. या खेपेला त्यांनी पैसा वाचवायचा ठरवला.

दिवसभर राबणाऱ्या पुरुषाची मजुरी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे यावर आणली गेली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. खडी फोडणाऱ्या, माती उपसणाऱ्या माणसाला तेवढ्यात काय होणार, ते तुम्हाला सांगायला नको. तुरुंगातल्या कैद्याला यापेक्षा जास्त मिळते, अशी टीका त्याच काळात झाली. शिवाय गावाजवळची लहान कामे बंद करून लोकांना लांबच्या मोठ्या कामांवर जायला भाग पाडले गेले. पुणे भागात हजारो मजुरांनी कामे सोडली. उपाशी माणूस काम सोडतो, तेव्हा परिस्थिती कुठल्या थराला गेली असेल याचा विचार करा.

सभेने मजुरांची बाजू आकड्यांनिशी सरकारपुढे मांडली. तिकडे मद्रासमध्ये आरोग्य खात्याचे डॉक्टर कॉर्निश यांनीही एवढ्या अन्नावर माणूस टिकत नाही, असा वाद घातला आणि तिथे पुढे मजुरी वाढवावी लागली. सरकारने 1878 साली दुष्काळ आयोग नेमला. त्याचा अहवाल 1880 साली आला आणि त्यावरून दुष्काळ संहिता तयार झाल्या. टंचाईची लक्षणे आधी कशी ओळखायची, मंडळवार पाहणी कुणी करायची, मजुरी कशावरून ठरवायची, हे प्रथमच नियमात आले. हे एकट्या सभेमुळे झाले असे म्हणता येणार नाही. पण गावची खरी माहिती वरपर्यंत पोचवणाऱ्यांत ती पुढे होती, हे नाकारता येणार नाही.

नाशिकला बदली

याचा मोबदला माधवरावांना काय मिळाला? 1877 साली टेंपलसाहेबच मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. 1878 च्या सुरुवातीला माधवरावांची पुण्याहून बदली झाली, ती आपल्या नाशिकला. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार बिथरले आणि माधवरावांना धुळ्याला धाडले. तिथे त्यांची टपाले फोडून वाचली जात. त्यांना ते कळत होते, पण त्यांनी ना त्रागा केला ना लिहिणे थांबवले. सभेचे त्रैमासिक 1878 साली निघाले आणि शेती, सारा, कर्ज यांवरचे त्यांचे लेख त्यात येत राहिले. पुढे सरकारचा संशय फिटला.

गावोगाव फिरणारा न्यायाधीश

1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. कोर्टाने नुसता रोखा बघू नये, मूळ रक्कम किती, व्याज किती, फेड किती, हे खणून काढावे. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये. हप्ते बांधून द्यावेत. सावकाराने पावती आणि हिशेब द्यावा. कायदा चांगलाच होता.

पण कायदा चांगला असून भागत नाही, हे आपल्यालाही अनुभवाने माहीत आहे. म्हणून त्यात देखरेखीची तरतूद होती. अशा बऱ्याच दाव्यांत अपील नव्हते. त्याऐवजी खास न्यायाधीशाने खालच्या कोर्टांचे कागद तपासायचे आणि चूक दिसली तर दुरुस्त करायची. 1881 साली पुणे-सातारा भागासाठी या कामावर माधवरावांची नेमणूक झाली. 1887 पासून 1893 पर्यंत ते स्वतःच खास न्यायाधीश होते. तालुक्या-तालुक्याला दौरे करायचे, मुक्काम टाकायचा, दप्तर उघडायचे. पत्नी रमाबाई अनेकदा बरोबर असत. डोळे अधू असलेला हा माणूस दुसऱ्याकडून वाचून घेऊन शेतकऱ्यांच्या कर्जाचे कागद तपासत होता.

अशा तपासणीने कायद्याची दुसरी बाजूही उजेडात येत गेली. काही सावकारांनी पळवाट काढली. गहाणखत केले तर कोर्ट हिशेब विचारते, म्हणून थेट खरेदीखत लिहून घ्यायचे आणि तोंडी वायदा करायचा की पैसे दिलेस की जमीन परत. नुसते निकाली दावे मोजणाऱ्याला यातले काही दिसले नसते. कायदा कसा चालला ते पाहण्यासाठी 1891-92 मध्ये आयोगही बसला. एकदा मदत जाहीर केली की काम संपले, असे नसते. ती कुठे पोचली, कुठे अडली आणि कुणी वळवून घेतली, हे पुन्हा पुन्हा पाहावे लागते.

1893 साली माधवराव हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. 16 जानेवारी 1901 रोजी ते गेले. त्यांच्या तालमीत तयार झालेले गोपाळ कृष्ण गोखले पुढे कायदेमंडळात आकडे हातात घेऊन सरकारशी भांडले. ती शिकवण माधवरावांची.

आपण काय घ्यायचे?

तेव्हापासून दिवस फार बदलले. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमी कायद्यात आणली. 2005 च्या केंद्राच्या रोजगार कायद्याने ग्रामसभेपुढे सामाजिक अंकेक्षण करण्याची तरतूद केली. पण 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने द्राक्षबागा झोडपल्या, तेव्हा मदतीचा पाया शेवटी गावातला पंचनामाच होता. बांधावर कोण गेले आणि काय लिहिले, यावरच पुढचे सगळे ठरते.

म्हणून गावकामगार मित्रांना माझे सांगणे आहे. पंचनामा चावडीवर बसून नको, बांधावर उभे राहून होऊ द्या. ज्याचे घर वस्तीपासून लांब आहे, ज्याची जमीन वाट्याने केलेली आहे, ज्या घरात बाईच कर्ती आहे, त्यांची नावे आधी तपासा. यादीतून गळतात ती हीच माणसे.

आणि शेतकरी बंधूंनो, आपणही नुसते मदत कमी मिळाली म्हणून थांबू नका. पेरा कधी केला, नुकसान किती क्षेत्रावर झाले, पाहणीला कोण आणि कधी आले, पैसे किती आणि कोणत्या तारखेला जमा झाले, हे एका वहीत लिहून ठेवा. यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा. आपले नाव आहे का ते बघाच, पण शेजाऱ्याचे सुटले असेल तर तेही सांगा. पन्नास घरांच्या अशा वह्या एकत्र आल्या की त्या गावच्या म्हणण्याला वजन येते. निफाडच्या माधवरावांनी सरकारपुढे जे मांडले, तेही अशाच गावोगावच्या नोंदींतून उभे राहिले होते.