५३-एन नंबरची बाटली

मागच्या सेमिस्टरला आमची इंडस्ट्रियल व्हिजिट वाळूजच्या एका औषध कंपनीत गेली होती. इंजेक्शन भरण्याच्या खोलीत आम्हाला सोडलंच नाही, काचेबाहेरून बघायचं. आत अगर भरलेल्या बशा उघड्या ठेवल्या होत्या. हवेतले जंतू त्यावर पडतात आणि बशी उबेला ठेवली की त्यांचे ठिपके दिसतात, असं सरांनी समजावलं. एवढी कटकट कशाला, असं तेव्हा वाटलं. नंतर लायब्ररीत हाफकिन यांच्याबद्दल वाचलं आणि उत्तर मिळालं.

मित्रांनो, मुंबईचं हाफकिन इन्स्टिट्यूट आपण सगळे ऐकून आहोत. पण हाफकिन कोण?

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ते आधी लायब्ररीत नोकरीला लागले. तिथेच १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा सरकारने त्यांना बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा, एवढीच त्यांची लॅब! जंतू वाढवायच्या द्रवावर ते चक्क आपलं तूप सोडत, म्हणजे जंतू तुपाच्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारायचे. १० जानेवारी १८९७ रोजी ही लससुद्धा त्यांनी आधी स्वतःला टोचली. १८९९ मध्ये लॅब परळला गेली.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुलकोवाल गावात (हे आता पाकिस्तानात आहे) पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस दिली गेली. त्यापैकी १९ जण धनुर्वाताने गेले. नंबर तपासले तर सगळ्यांची बाटली एकच होती, ५३-एन. बाकीच्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

आयोगाने दोष लॅबला दिला. लस लवकर आणि जास्त बनावी म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिड वगळलं होतं, फक्त उष्णतेवर भरवसा ठेवला होता. त्यांना कामावरून दूर केलं गेलं. पण त्या दिवशी गावात बूच काढायचा चिमटा मातीत पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो वापरला गेला, हेही साक्षीत आलं होतं. शिवाय जंतू आधीपासून बाटलीत वाढले असते तर उघडताना दुर्गंधी आली असती. ती आली नव्हती. रोनाल्ड रॉस वगैरे शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरली, तेव्हा १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. ते कलकत्त्याला परत आले, पण मुंबईची लॅब काही त्यांना मिळाली नाही. १९२५ मध्ये त्या लॅबला त्यांचं नाव दिलं गेलं. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.

मला राहून राहून वाटतं, कार्बोलिक असतं तर तो चिमटा पडूनही कदाचित ती माणसं वाचली असती. म्हणजे निर्दोष ठरलेल्या माणसाकडूनही एक पायरी सुटली होतीच. बाटलीवर नंबर होता म्हणून निदान बाटली तरी सापडली. जंतू कुठे शिरला हे शोधायला मात्र पाच वर्षं भांडावं लागलं. आपणही लॅबमध्ये रीडिंग न घेता जर्नलमध्ये आकडे टाकतो, खरं ना? वाळूजच्या त्या बशा आता मला कटकट वाटत नाहीत.